पूजेतला साचा

असं समजा, कुणीतरी तुमचे डोळे बांधून तळहातावर एक लाकडाची पट्टी ठेवली. हातभर लांब, चार बोटं रुंद. मग ती हळूच उचलून नेली. पट्टी होती तेव्हा आणि नव्हती तेव्हा, हाताला फरकच कळला नाही. इतकं हलकं लाकूड असतं. बाल्सा त्याचं नाव.

आता असंही समजा, की तुम्ही आठवीत आहात. तुमचं गाव भंडाऱ्याकडच्या तळ्यांच्या मुलखात आहे, दसरा परवावर आलाय, आणि या लाकडाच्या दोन होड्या करून त्या एका विमानाच्या पायांना बांधायच्या आहेत. विमान छोटं, दोन्ही हात पसरून धरावं एवढं, पण इंजिन खरं. ते तुमच्या गावच्या तळ्यावरून पाणी उडवत धावणार आणि आकाशात उठणार. एक होडी तयार आहे. दुसरी पुढ्यात आहे आणि तिचा गोंद ओला आहे.

समजलात ना? मग कौशीच्या शेजारी बसा. जरा सरकून बसा, तिला कोपरं पसरून काम करायची सवय होती.

"सर, इकडून दाबू काय जी?"

"दाबू नको. साचा धरतोय ना तिला? तू फक्त बघ, पट्टी खाचेत बसली का."

कौशीनं मान वाकडी करून एक डोळा मिटला. "बसली जी. गपकन बसली."

साचा म्हणजे काय, ते सांगायला हवं. सागाची एक सपाट फळी. तिच्यावर मधोमध एक सरळ रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या उभ्या खुंट्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक खुंटीला खाच. होडीचे तुकडे या खाचांत बसवायचे, गोंद लावायचा आणि वाळेपर्यंत हलवायचं नाही. बाल्सा हलकं असतं तसंच लहरीही असतं. मोकळं सोडलं की पापडासारखं वळतं. साच्यात असलं की मुकाट्यानं सरळ वाळतं. आणि मुख्य म्हणजे पहिली होडी जशी झाली, तशीच दुसरी होते. दोघींत केसाएवढा फरक पडला तर विमान पाण्यावर सरळ धावत नाही, घाण्याच्या बैलासारखं गोल फिरतं.

चित्र मी काढून दिलं होतं. साचा कौशीनं केला होता, शाळेतल्या बोथट करवतीनं आणि काचेच्या तुकड्यानं खाचा खरवडून.

मी तेव्हा त्या शाळेत हस्तकला शिकवत होतो. नागपूरचे पिंपळापुरे माझे जुने स्नेही. रेडिओच्या पेटीवरून विमान उडवायचा त्यांना नाद, पण त्यांचं विमान कायम मैदानावरून उडायचं. एकदा मी बोलून गेलो, आमच्याकडे एवढी मोठी तळी आहेत, पाण्यावरून उडवा की. ते म्हणाले, "होड्या तुमच्या पोरांनी करायच्या. दसऱ्याला विमान घेऊन येतो. पण आधीच सांगतो गभने, होड्या वाकड्या निघाल्या तर मी पेटी उघडणार नाही. तुमच्याकडचा चिवडा खाईन आणि परत जाईन."

वर्गातल्या मुलांनी पहिले दोन दिवस गर्दी केली. मग गोंद वाळायची वाट बघावी लागते हे कळल्यावर एकेक पांगला. कौशी राहिली.

कौसल्या सीताराम वाढई. बाप गावातला नावाजलेला सुतार. घरात करवती, रंधे, पटाश्या, लाकूड तासायचा वाकस, सगळं भिंतीला टांगलेलं, आणि तिला त्यातल्या एकालाही हात लावायची मुभा नव्हती. पटाशी उचलली की आई हाका मारायची, "ठेव ते, बोट तुटन." भोकं पाडायचं गिरमिट उचललं की थोरला भाऊ दामू हिसकावून घ्यायचा. दामूला गिरमिटाचा भारी अभिमान. बापानं त्याला ते दहावी सुटल्यावर दिलं होतं. दहावी पास झाल्यावर नव्हे, सुटल्यावर.

त्या दिवशी अष्टमी होती. काम आवरल्यावर कौशी म्हणाली, "सर, साचा घरी नेऊ काय जी?"

"कशाला? इथंच वाळू दे."

"असंच."

असंच म्हणणाऱ्या मुलाला पुढं विचारायचं नाही, ही माझी पद्धत. "होडी त्यातून काढायची नाही. आणि आडवी न्यायची."

"हव जी." फळी दोन्ही हातांवर धरून, नैवेद्याचं ताट न्यावं तशी ती चालत गेली.

दुसऱ्या दिवशी खांडेनवमी. सुताराच्या घरी दिवाळीपेक्षा हा दिवस मोठा. सगळी अवजारं घासूनपुसून पाटावर मांडायची, पूजा करायची, आणि एकदा पूजेला बसलेलं अवजार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत उचलायचं नाही. त्या दिवशी अवजारानं विसावा घ्यायचा. वाढई मिस्त्रींनी मला प्रसादाला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा पूजा नुकतीच आटोपली होती.

भिंतीलगत लांब पाट. पहिला मिस्त्रींचा वाकस, त्यांच्या बापाच्या वेळचा. मग रंधे, करवती, पटाश्या, दामूचं गिरमिट. आणि अगदी शेवटी, झेंडूचं एक फूल आणि हळदीकुंकवाची बोटं लावलेला कौशीचा साचा. होडी आत तशीच.

"पाहा सर, तुमची पोट्टी," दामू म्हणाला. "काल रातीपासून बाबाच्या मागं लागली होती. माह्याबी साचा मांडा म्हणे."

"मग मिस्त्री, तुम्ही मांडलात?"

मिस्त्री पानाला चुना लावत होते. "मी इचारलं तिले, याच्यानं काय होते? म्हणे, एकासारखी एक वस्तू होते. म्हटलं, असं असन तर मांड."

कौशी पाटाच्या टोकाशी उकिडवी बसली होती आणि साच्याकडे टक लावून बघत होती. मी जवळ गेलो आणि मलाही दिसलं.

होडी ओली होती. नुसती दमट नव्हे, चांगली निथळत होती. हळदीचं पाणी खाचांतून खाली उतरलं होतं आणि पांढरा गोंद पिवळट, बुळबुळीत झाला होता. शेवटच्या खुंट्यांच्या पुढं होडीचं नाक मोकळं निघालेलं होतं. ते आताच एका अंगाला कलायला लागलं होतं.

"पाणी कुणी टाकलं यावर?" मी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं.

"मीच," मिस्त्री म्हणाले. "आंब्याच्या पानानं सगळ्यांवर शिंपडलं. याच्यावर उलीसं जास्त. नवं अवजार, पहिली पूजा, म्हणून तांब्याच कलता केला." मग त्यांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काहून? काही बिघडलं काय?"

मी सांगितलं. ओलं बाल्सा सुजतं, गोंद सुटतो, आणि उद्या दुपारी पिंपळापुरे येणार. नवी होडी करायला लाकूड उरलेलं नाही.

"त्यात काय एवढं," दामू म्हणाला. "काढून घे न व. उन्हात ठेव. ते काही अवजार होय? चार पट्ट्या अन् खुंट्या."

त्यानं हात पुढं केला. मिस्त्रींनी तो मधेच धरला.

"थांब. कौशे, इकडं पाह्य." ते रागावले नव्हते. गिऱ्हाइकाला लाकूड कोणतं पाहिजे विचारावं, तसा त्यांचा आवाज होता. "अवजार असन, तर उद्या सकाळशिवाय पाटावरून उठत नाही. माह्या वाकसाले जो नियम, तोच त्याले. अन् शाळेची वस्तू असन, तर आत्ता घेऊन जा, कोणी काही म्हणत नाही. तुह्या हातचं आहे. तूच सांग, काय होय ते."

आई प्रसादाची वाटी हातात घेऊन दारातच थांबली. मला, खरं सांगतो, साचा उचलून पळत सुटावंसं वाटत होतं. नाक माझ्या डोळ्यांदेखत कलत होतं.

कौशीनं एकदा होडीकडे पाहिलं. एकदा पाटावरच्या रांगेकडे.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अन् विमान?" दामू म्हणाला.

ती उठली आणि आईच्या हातातली प्रसादाची वाटी तिनं माझ्यापुढं ठेवली.

मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. मी म्हटलं, "कौशे, नाक वाकणार, माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय जी."

"मग?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "आज उचललं तर पुढच्या साली कोणत्या तोंडानं मांडू?"

दसऱ्याच्या सकाळी मी उजाडताच त्यांच्याकडे हजर. मिस्त्री आंघोळ करून तयारच होते. त्यांनी पाटावर अक्षता टाकल्या आणि वाकस उचलला. मग त्या घरची रीत सुरू झाली. अवजार उठलं की लगेच त्यानं थोडं तरी काम करायचं, रिकाम्या हातानं खाली ठेवायचं नाही. मिस्त्रींनी वाकसानं एक ढलपी काढली. रंधा फिरवला, सागाचं एक लांब भेंडोळं निघालं. दामूनं गिरमिटानं फळीला एक भोक पाडलं आणि भुसा फुंकला.

"कौसल्या," मिस्त्रींनी हाक मारली. कौशी नाही, कौसल्या.

ती पुढं आली. साच्याला नमस्कार केला आणि तो उचलून उजेडात नेला. मी मागोमाग. माझी खात्री होती, आत पापड असणार.

तिनं फळी डोळ्यांच्या पातळीवर धरली. एक डोळा मिटला. फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून पाहिलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही पाहा. मला खरं वाटत नाही."

मी पाहिलं. पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत होडी दोरीसारखी सरळ होती. भिजली, सुजली, पण खुंट्यांनी तिला सोडलंच नव्हतं. ती तिथल्या तिथं वाळली आणि गोंदही पुन्हा धरला. आदल्या दिवशी घाईनं बाहेर काढली असती, तर सगळी वळली असती. वाकलं होतं फक्त नाक, जे साच्याच्या बाहेर होतं. ते असं मुरडलं होतं, की जणू होडीला कसला तरी वास आला होता.

"कापून टाक नाक," दामू म्हणाला.

"आण, तासून सरळ करतो," मिस्त्री म्हणाले. त्यांचा हात रंध्याकडे गेलाही.

कौशीनं साचा पोटाशी धरला. "थांबा नं बाबा. तासलं तर ही पातळ होईन, अन् ती जाड राहीन. मग एकासारखी एक कुठं?" ती विचार करत होती आणि तिचे ओठ हलत होते. "पाण्यानं वाकलं नं हे? तर पुन्हा ओलं करू. ओलं असलं की ऐकते ते."

मी काही बोललो नाही. मास्तरला न बोलणं फार अवघड जातं, पण ते शिकावं लागतं.

तिनं फडकं भिजवून नाकाला गुंडाळलं. थोड्या वेळानं बोटानं दाबून पाहिलं. मग सागाच्या दोन सारख्या पट्ट्या नाकाच्या दोन अंगांना लावल्या आणि सुतळीनं सगळं फळीला बांधलं. नाक रेघेवर आलं का, हे ती डोळा मिटून पाहायची, सुतळी सोडायची, पुन्हा बांधायची. दामू आधी हसत होता. तिसऱ्यांदा बांधताना तो आपण होऊन वाकला आणि गाठीवर बोट धरून बसला.

"घट्ट धर."

"धरलं न व. डोक्यावर बसून राह्यली."

साचा कौलांवर उन्हात गेला. कावळे हाकलायला आई काठी घेऊन बसली. ऊन कडक होतं. सुतळी सुटली, नाक जागेवर राहिलं. होडीवर झाकणाची पट्टी बसवली. आत पाणी शिरू नये म्हणून मिस्त्रींनी लाखेचं पॉलिश काढून दिलं. दोन हात घाईघाईनं फिरवले, हळदीचा डाग तेवढ्यानं झाकला, पण पहिल्या होडीला चार फिरवले होते. दुसरा हात पुरता वाळतो न वाळतो तोच शाळेचा शिपाई धावत आला, "सर, नागपूरचे पावने आले. मोठी पेटी हाय, मांडीवरच घेऊन बसले हायेत."

पिंपळापुऱ्यांनी चहासुद्धा घेतला नाही. दोन्ही होड्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि खाली वाकून, एक डोळा मिटून पाहायला लागले. मला हसू आलं. कौशीपण अशीच वाकायची.

"यातली भिजली ती कोणती म्हणालात?"

मी कौशीकडे पाहिलं.

"ओळखा जी," ती म्हणाली.

पिंपळापुऱ्यांनी होड्या उलटसुलट केल्या, खालच्या पायरीवरून बोट फिरवलं. पायरी म्हणजे होडीच्या पोटाला मधेच दिलेला टप्पा. ती नसली तर पाणी पोटाला चिकटून बसतं, विमानाला सोडतच नाही. शेवटी त्यांनी एकीवर बोट ठेवलं. चुकीच्या.

"नाही," कौशी म्हणाली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसली.

त्यांनी पेटी उघडली.

आमच्या गावची शीव म्हणजे तळ्याची पलीकडची पाळ, मातीचा बांध. दसऱ्याला सगळं गाव वाजतगाजत तिथं जायचं, आणि कारागीर मंडळी आपापलं एक अवजार खांद्याला लावून जायची. त्यामुळे दुपार कलली तसा काठावर सगळं गाव गोळा झालं. पाण्यावर विमान तरंगत होतं, पांढरं, तांबड्या पंखांचं. दोन होड्यांवर बदकासारखं हलत होतं.

अडचण एकच होती. तळ्याच्या पल्याडच्या अर्ध्या भागात शिंगाड्याचे वेल होते. विमान वेलांच्या आधी उठलं तर ठीक. नाहीतर वेलांत पाय अडकून उलटणार आणि इंजिन पाण्यात.

इंजिन सुरू झालं. पहिला आवाज ऐकून पोरं मागं सरली, मग दुप्पट पुढं आली. विमान धावलं. पाण्याच्या दोन पांढऱ्या रेघा मागं सुटल्या, अगदी सरळ, अगदी सारख्या. धावलं, धावलं, आणि उठेना. पिंपळापुऱ्यांनी वेलांच्या अलीकडे वेग तोडला.

"जड वाटतंय," ते पुटपुटले. "आणखी एकदाच. नाही उठलं तर बास."

कौशी माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघंही होड्यांकडे पाहत होतो.

दुसऱ्यांदा विमान वाऱ्याकडे तोंड करून सुटलं. आधी होड्या पाण्यात रुतलेल्या, मग हळूहळू वर आल्या, मग नुसत्या पायरीवर सरकायला लागल्या. पाणी खर्रकन फाटत होतं. वेल जवळ आले. आणखी जवळ आले. दामू ओरडला, "उठ बे, उठ," आणि त्याच क्षणी एक होडी सुटली, मागून दुसरी सुटली, मधे उजेडाची फट दिसली, आणि वेलांवरून, बगळ्यांवरून, पाळेवरच्या पळसांवरून विमान वर गेलं.

गाव गरजलं. ढोलवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी ढोल वाजायला लागले. पिंपळापुऱ्यांचे हात पेटीवर आणि डोळे वर, आणि ते लहान मुलासारखे सारखं एकच म्हणत होते, "पाण्यावरून, गभने. पाण्यावरून."

दोन मोठे वळसे घेऊन विमान उतरलं आणि काठाशी आलं. पण येताना एका बाजूला झुकलेलं होतं. कौशी गुडघाभर पाण्यात शिरली, विमान उचलून बाहेर आली आणि उजवी होडी कानाशी नेऊन हलवली. आत पाणी खळखळत होतं. भिजलेलीच ती. दोनच हात पॉलिश लागलेली.

"प्याली," ती म्हणाली.

"असू दे, झालं की काम," पिंपळापुरे म्हणाले. "आजच्यापुरतं पुष्कळ झालं."

तिकडे मिरवणूक लागत होती. कारागिरांची रांग उभी राहिली. लोहार, कुंभार, मग वाढई. मिस्त्रींच्या खांद्यावर वाकस, मागे दामू, खांद्यावर गिरमिट. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मिस्त्रींनी मोकळी ठेवली होती. त्या जागेत त्यांनी घरून आणलेला साचा ठेवला होता.

"कौसल्या, चाल. घे खांद्यावर."

ती आली. त्या मोकळ्या जागेकडे तिनं पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि बगलेत विमान तसंच धरून म्हणाली, "बाबा, लोक शीव ओलांडतीन तेव्हा हे वरून गेलं पायजे. ह्या होडीतलं पाणी भोकातून काढलं, अन् भोक मेणानं बुजवलं की जाते."

"आता? रांग निघाली न."

तिनं दामूच्या खांद्यावरून गिरमिट काढून घेतलं. मागितलं नाही, काढून घेतलं. दामूचं तोंड उघडलं, बापाकडे वळलं आणि मिटलं. ती तिथंच चिखलात मांडी घालून बसली, विमान उलटं मांडीवर घेतलं, होडीच्या मागच्या टोकाला अंगठ्यानं जागा चाचपली आणि गिरमिटाचं टोक टेकवलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, चला न जी, खोळंबा झाला."

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "माह्या घरचं एक माणूस कामावर आहे."

ढोल वाजत राहिले, रांग थांबून राहिली. कौशीनं मान वाकडी केली, एक डोळा मिटला आणि गिरमिट फिरवायला सुरुवात केली.